ट्वॉम्बलींचं उत्तर

"सावकाश द्या, मला घाई नाही," क्लोडेट देरोशे खाटकाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाला म्हणाली, आणि मागून कोणीतरी तिच्या कोपराला हात लावला. तिनं वळून पाहिलं. चाळिशीची एक बाई होती. पुरुषी जाडजूड कोट, थंडीनं लाल झालेला नाकाचा शेंडा, हातात गाडीच्या किल्ल्या. ओळखीची नव्हती. "माफ करा हं," ती बाई म्हणाली, "पण तुम्ही फोनवरून लोकांची मतं विचारता का हो? पक्षाचा उमेदवार ठरवायच्या प्रायमरीची?" क्लोडेट पर्स उघडून पैसे शोधू लागली. "आवाजावरून ओळखलं मी. अगदी असंच म्हणत होतात. सावकाश सांगा, मला घाई नाही. अकरा दिवस झाले बघा, रविवारी दुपारी. कँडिया गावाला, ट्वॉम्बलींकडे. हार्लन ट्वॉम्बली माझे वडील. मी नॅडीन." मालक डुकराच्या खिम्याचं पुडकं दोऱ्यानं बांधत होता. त्याची जाड बोटं गाठीशी अडखळत होती आणि क्लोडेट त्या बोटांकडे बघत राहिली. मी नव्हे ती, तुमची काहीतरी चूक होतेय, असं सरळ म्हणता आलं असतं. शहरात तिच्यासारख्या आवाजाच्या, फ्रेंच आईच्या पोटी जन्मलेल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या शंभर बायका सापडल्या असत्या. पण ती म्हणाली, "हो. मीच केला होता."

"मी स्वयंपाकघरातल्या फोनवरून सगळं ऐकत होते," नॅडीन म्हणाली, आणि क्लोडेटच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "चोरून. काय करणार, बाबांना फोनवर कोणीही गंडवतं. गेल्या मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून डोक्यात शब्द असतो आणि जिभेवर भलताच येतो. लोक दोन मिनिटं थांबतात आणि फोन ठेवतात. आमचे डॉक्टरसुद्धा त्यांच्याऐवजी माझ्याकडेच बघून बोलतात. आणि तुम्ही! पंचवीस मिनिटं, बाई. घड्याळ लावून बघत होते मी. एकदासुद्धा आवाज चढला नाही तुमचा." तिनं हातमोजा काढून डोळ्यांच्या कडा पुसल्या, थंडीनंही पाणी आलं असेल. "परवा मंगळवारी ते मत द्यायला गेले. वर्षभरात पहिल्यांदा घराबाहेर पडले. मी म्हटलं, बाबा, रस्ते निसरडे झालेत, राहू दे या खेपेला. तर म्हणाले, तिला सांगितलंय. दुसरं काही नाही, तेवढंच. तिला सांगितलंय." मग तिनं किराण्याच्या पावतीमागे पत्ता लिहिला आणि क्लोडेटच्या हातात कोंबला. शनिवारी दुपारी या, म्हणाली. त्यांनी बोलावलंय. तुमचं नाव त्यांच्या लक्षात आहे. शहरात कुठे शोधू म्हणून मी त्यांना टोलवत होते, आणि तुम्ही अशा समोर!

गाडीत बसल्यावर क्लोडेटनं खिम्याचं पुडकं मांडीवर घेतलं आणि किल्ली न फिरवता तशीच बसून राहिली. पंचवीस मिनिटं. तिला ती पंचवीस मिनिटं लख्ख आठवत होती, कारण त्या सबंध दुपारी तेवढाच काय तो तिला विसावा मिळाला होता. कापडगिरणीच्या जुन्या लाल विटांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, बावीस टेबलं आणि बावीस फोन. तिची आई याच मजल्यावर एकोणीस वर्षं सुताच्या चात्या बदलत उभी असायची; आता तिथे भिंतीवर फळा होता आणि फळ्यावर कोणी किती फॉर्म पुरे केले याचे आकडे. सगळ्यांत वर क्लोडेटचं नाव. रविवारी दुपारी फक्त एकाच प्रकारचा माणूस कमी पडत होता: पासष्टच्या वरचा, खेड्यातला, रिपब्लिकन पुरुष. असा एक मिळाला की त्या दिवसाची यादी संपत होती. सकाळपासून अशा नऊ जणांनी तिच्या तोंडावर फोन आपटला होता. दहावे ट्वॉम्बली. त्यांनी फोन उचलला आणि नुसता श्वास ऐकू आला, मग "ब… बोल." बोलता न येणाऱ्या माणसाचे आभार मानून फोन ठेवायचा आणि फॉर्मवर 'असमर्थ' लिहायचं, असा नियम होता. तिनं पहिला प्रश्न विचारला. मत देणार का? "हो," ते म्हणाले, आणि पाठोपाठ "नाही," आणि मग चिडून पुन्हा "हो." सातवा प्रश्न खरा होता: आज मतदान झालं असतं तर तुम्ही कोणाला मत दिलं असतं? तिनं सहा नावं वाचून दाखवली. "स्ट… स्ट…" एवढं कानावर पडलं तेव्हाच तिची पेन्सिल गव्हर्नर स्टॅडलरच्या नावाभोवती गोल काढून मोकळी झाली होती.

आणि मग तिनं उरलेले बारा प्रश्नही भरून टाकले. एकेक नाही, एका दमात, चित्रात रंग भरावा तसे. कँडियातला म्हातारा मेकॅनिक; धंदा आणि रस्ता दोन्ही समोरच्या यादीत छापलेलं. त्याला कशाची काळजी असणार? कर. चर्चला जातो का? कधीतरी. घरात बंदूक? असणारच. ती या शहरात जन्मली होती, आजूबाजूच्या गावांची नावं ऐकली की तिथल्या माणसांची उत्तरं तिला पाठ असल्यासारखी वाटायची, आणि खरी गंमत म्हणजे तिनं मनानं भरलेले फॉर्म खऱ्या फॉर्मांपेक्षा सुबक दिसायचे. तिची खोटी माणसं अडखळत नसत, उलटसुलट बोलत नसत, मध्येच पोरीच्या घटस्फोटाची गोष्ट काढत नसत. याचा तिला अभिमान वाटायचा. आता गाडीत बसल्या बसल्या तिनं हे कबूल केलं. अभिमानच. फॉर्म भरून झाला तरी तिनं फोन ठेवला नाही. देखरेख करत टेबलांमधून फिरणारी रोबर्टा कधीकधी मधेच फोनला कान लावायची. आणि शिवाय बरं वाटत होतं. कानात म्हाताऱ्याची धडपड चालू होती, ती अधूनमधून पुढचा प्रश्न वाचत होती, "सावकाश सांगा, मला घाई नाही," म्हणत होती, आणि मांडीवर रुमाल पसरून संत्रं सोलत होती. डोक्यावर लावलेल्या फोनचा तोंडाशी येणारा भाग वर ढकलून तिनं ते फोड फोड करून खाल्लं. बिया रुमालाच्या कोपऱ्यात. सातव्या प्रश्नाचा शब्द त्यांना तीन मिनिटांनी सापडला होता. "स्टॅडलर," ते म्हणाले. आणि लगेच, स्पष्ट, एखाद्या लहान मुलानं भिंतीवर डोकं आपटल्यासारखं, "नाही. नाही. नाही." तिनं ते ऐकलं होतं. फोड दाताखाली होती आणि तिनं ते ऐकलं होतं, आणि ती म्हणाली होती, "आभारी आहे, मिस्टर ट्वॉम्बली. आता पुढचा प्रश्न."

ते नॅडीननंही ऐकलं असणार. पण तिला वाटलं असेल, बाबा हल्ली कशालाही नाही म्हणतात. तिला बापाची जीभ माहीत होती, आणि टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला एक दयाळू बाई आहे यावर विश्वास होता. दयाळू. नऊ वर्षांची असताना क्लोडेटला आईबरोबर गिरणीच्या डॉक्टरकडे जावं लागायचं, कारण आईला इंग्रजी येत नव्हतं. एकदा डॉक्टरनं विचारलं, कुठे दुखतं? आई बोलायला लागली. दोन्ही हात पोटावरून खाली नेत, डोळे मिटून, ती पुष्कळ बोलली. रक्ताबद्दल बोलली, क्लोडेटच्या वडिलांबद्दल काहीतरी बोलली, असे शब्द वापरले की क्लोडेटला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टर पेन धरून थांबला होता. "पोटात दुखतं म्हणते," क्लोडेट म्हणाली. डॉक्टरनं ते लिहिलं. बाहेर आल्यावर जिन्यात आई थांबली आणि विचारलं, "मी इतकं बोलले, आणि तू एवढंसंच सांगितलंस?" क्लोडेट म्हणाली, इंग्रजी भाषा आखूडच असते, आई. आईनं ते खरं मानलं. जन्मभर खरं मानलं. शेजारणींना सांगायची, इंग्रजी आखूड असते, माझी पोर तीन शब्दांत सगळं सांगते. ते दुखणं पुढे वाढलं, ऑपरेशन झालं, आई वाचलीही. काही बिघडलं नाही, असंच म्हणायला हवं. पण तो जिना अजून तिच्या छातीत होता, त्यातल्या ओल्या लोकरीच्या वासासकट.

शुक्रवारी ती कचेरीत गेली. काम संपलं होतं. फोन खोक्यांत भरले जात होते आणि रोबर्टाच्या खोलीत टेबलावर अर्धा कापलेला केक होता. मतपाहणीचा अंदाज बरोबर आला म्हणून, ती करवून घेणाऱ्या वर्तमानपत्रवाल्यांनी तो पाठवला होता. "ये गं, ये, आमची पहिल्या नंबरची," रोबर्टा म्हणाली. "बस. मोठा तुकडा घे."

क्लोडेट उभीच राहिली. "रोबर्टा, मी काही फॉर्म मनानं भरले."

"म्हणजे?"

"माणसांना न विचारता. किंवा विचारून, पण न ऐकता."

रोबर्टानं सुरी खाली ठेवली आणि आधी दार लोटून घेतलं. "किती?"

"या हिवाळ्यात एकतीस. काल रात्री बसून आठवले."

रोबर्टानं तिच्यापुढे खुर्ची ओढली. ती वाईट बाई नव्हती; क्लोडेट आजारी पडली तेव्हा तिनंच सूप आणून दिलं होतं. "आपला अंदाज कितीनं चुकला माहितेय तुला?" ती हळूच म्हणाली. "एका टक्क्यानं. स्टॅडलर पहिला येईल म्हणालो, तो आला. प्रुएट दुसरा म्हणालो, तो दुसरा. मग तुझी एकतीस माणसं खरंच बोलली म्हणायची की नाही?"

"ती माणसंच नव्हती."

"अगं पण बरोबर आलं ना! कोणाचं काय बिघडलं, सांग मला. एक नाव सांग." क्लोडेटच्या जिभेवर एक नाव होतं. ते या खोलीत, केकच्या शेजारी ठेवणं तिला जमेना. रोबर्टानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दमली आहेस तू. घरी जा. हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही. ऑगस्टमध्ये नोव्हेंबरच्या निवडणुकीचं काम निघेल, तेव्हा फोन करते." कामावरून काढलं जाईल अशी तिची खात्री होती; खरं तर तेवढ्यासाठीच ती आली होती. कोणीतरी ओरडेल, कागद फेकेल, बाहेर हाकलेल, आणि मग रस्त्यावर उभं राहून तिला मोकळं वाटेल. त्याऐवजी कागदी बशीत केकचा तुकडा घेऊन ती जिना उतरली. खालच्या कचऱ्याच्या डब्यात तो टाकतानाही आजूबाजूला कोणी बघत नाही ना, हे तिनं पाहून घेतलं.

शनिवारी न जाण्याची सगळी कारणं तिनं सकाळी जमवली होती. बर्फ पडणार होतं. गाडीचा हीटर बिघडला होता. तरी दोन वाजता ती कँडियात ट्वॉम्बलींच्या दाराशी उभी होती, आणि हातात मैद्याच्या पारीत खिमा भरून स्वतः भाजलेला मीट पाय होता, त्याच दुकानातल्या खिम्याचा. हे आणल्याचीही तिला लाज वाटली. नॅडीननं तिला जवळजवळ मिठीच मारली. "बाबा, बघा कोण आलंय!" खिडकीशी खुर्चीत हार्लन ट्वॉम्बली बसले होते; उंच माणूस, उजवा हात उशीवर ठेवून दिलेला, दाढी ताजी केलेली आणि हनुवटीवर कापल्याची बारीक खूण. शर्टाचं वरचं बटण गळ्याशी लावलेलं. तिच्यासाठी. क्लोडेटनं डोळे खाली घातले. नॅडीन मीट पाय कापायला घेत बोलत होती: बाबा चौतीस वर्षं टाउन हॉलमध्ये मतं मोजायला बसायचे, एक चिठ्ठी कमी-जास्त झाली की पहिल्यापासून मोजायला लावायचे, लोक वैतागायचे, आई जेवण गरम ठेवून थकायची. म्हाताऱ्यानं डावा हात वर केला. नॅडीन गप्प झाली.

"पोरी," ते क्लोडेटला म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. त्यांच्या गळ्यातली शीर ताठ झाली, ओठ एका आकारात आले, मोडले, पुन्हा आले. फोनवर हे नुसतं ऐकू यायचं. आता ते दिसत होतं, आणि डोळे दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. "ख… खोटं. बोललो. तुला."

"काय म्हणताय, बाबा?" नॅडीन म्हणाली.

"नाव. चु… चुकीचं. गेलं." त्यांनी डाव्या मुठीनं गुडघ्यावर हलकेच मारलं. "अकरा… तेरा… दिवस. झोप नाही." आणि मग नीट जुळवून ठेवलेलं, रोज म्हणून पाहिलेलं असावं तसं एकदम बाहेर आलं: "माफ कर."

नॅडीन रडायला लागली होती आणि हसतही होती. "बघा हो! म्हणून बोलावत होते होय! अहो बाबा, त्या काय रागावणारेत? सांगा ना हो त्यांना, काही हरकत नाही म्हणून." सांगणं किती सोपं होतं. काही हरकत नाही, मिस्टर ट्वॉम्बली, मी दुरुस्त करते. तीन शब्दांत सगळं. म्हाताऱ्याला रात्री झोप लागली असती, नॅडीननं तिला मीट पायचा पहिला तुकडा दिला असता. त्यांचे करडे डोळे तिच्या तोंडावर लागले होते. तिची आई डॉक्टरसमोर बसून असंच तिच्या तोंडाकडे बघायची, आपले शब्द पलीकडे कसे पोचतात ते पाहायला.

"तुम्ही खोटं बोलला नाहीत," क्लोडेट म्हणाली. "मी ऐकतच नव्हते." तिचा आवाज फोनवरच्यासारखाच शांत निघत होता, याची तिला चीड आली. "तुम्ही 'स्ट' म्हणालात तेवढ्यावर मी नाव लिहून टाकलं. पुढची सगळी उत्तरंही माझ्याच मनानं लिहिली. नंतर तुम्ही नाही म्हणालात. तीनदा म्हणालात. ते मी ऐकलं, आणि पुढचा प्रश्न वाचला."

"पण तुम्ही पंचवीस मिनिटं…" नॅडीन म्हणाली. सुरी तिच्या हातात तशीच होती.

"मी बसले होते. संत्रं खात होते."

"संत्रं." नॅडीननं तो शब्द असा उच्चारला की जणू तो कुठल्या भाषेतला आहे हेच तिला कळत नव्हतं. "ते इथे घामाघूम झाले होते. शर्ट बदलावा लागला मला त्यांचा. मी पलीकडे फोन धरून देवाचे आभार मानत होते, बाई, तुमच्यासाठी. नावानिशी." तिनं सुरी ठेवली, मीट पायची बशी उचलली आणि आत निघून गेली. आत नळ जोरात सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो तसाच चालू राहिला.

हार्लन ट्वॉम्बली तिच्याकडेच बघत होते. तो राग होता की काय, ते तिला ओळखता येईना. त्यांचा अर्धाच चेहरा हलत होता. ती उठली. "मी जाते," म्हणाली. त्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. "बस." ती बसली. ओठ पुन्हा जुळायला लागले. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. या वेळी तिनं अंदाज केला नाही. अंदाज येत होते, सवयीनं एकामागून एक येत होते, आणि ती त्यांना नुसतं येऊन जाऊ देत होती.

"विचार," ते म्हणाले.

तिच्याकडे फॉर्म नव्हता, पेन्सिल नव्हती. निवडणूक होऊन चार दिवस झाले होते. प्रुएटनं माघार घेतली होती, स्टॅडलर दक्षिणेतल्या कुठल्या तरी राज्यात भाषण करत होता, आणि या उत्तराचा जगात कोणालाही उपयोग नव्हता. प्रश्न तिला पाठ होते. तिनं पहिल्यापासून विचारले. मत देणार का, याऐवजी मत दिलं का, एवढाच बदल केला. सातव्या प्रश्नाला तिनं सहा नावं सांगितली आणि हात मांडीवर ठेवून बसली. बाहेर उजेड करडा झाला. आतला नळ बंद झाला होता, नॅडीन दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिल्याचं तिला मान न वळवता जाणवलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. "स्ट" आलं; त्यांनी ते थुंकून टाकल्यासारखं मानेनं झटकलं. पुन्हा "स्ट" आलं, पुन्हा झटकलं. मग जिभेला वळसा घालून, खालून, कुठून तरी: "ओल्म… ओल्मस्टेड." ओल्मस्टेड सर्वांत शेवटी होता. पाहणीत त्याला दोन टक्के दिले होते, मतदानात तीन मिळाले. क्लोडेटच्या मनात सबंध हिवाळ्यात एकदाही, एकाही खोट्या माणसाच्या तोंडी ते नाव आलं नव्हतं.

"का?" तिनं विचारलं. आठवा प्रश्न तोच होता. त्याला पाच ठरीव उत्तरं होती: कर, संरक्षण, नोकऱ्या, चारित्र्य, अनुभव.

"आला होता. इथे. फा… फायर ब्रिगेडला. जेवण होतं." ते थांबले, धाप टाकत. "कोट. त्याचा खिसा. फाटलेला." त्यांचा डावा हात स्वतःच्या शर्टाच्या बाजूवरून खाली गेला आणि तिथे नसलेल्या खिशाशी थांबला. "बायको नाही. शिवायला."

दाराशी नॅडीननं कपाळ चौकटीला टेकलं. क्लोडेटनं पुढचा प्रश्न विचारला, आणि त्याच्या पुढचा. अकराव्यानंतर त्यांचे डोळे मिटायला लागले. "पुरे झालं आता," नॅडीन पुढे येत म्हणाली. "थकले ते." तिनं बापाच्या खांद्यावर शाल ओढली, कपाळ पुसलं. मग क्लोडेटकडे न बघता तिचा कोट आणून दिला. "तुमचा मीट पाय डब्यात घालून ठेवलाय, घेऊन जा. आणि पुन्हा येऊ नका. ते बोलावतील. मी सांगेन, बाई भेटत नाहीत म्हणून. तेवढं खोटं मी बोलेन."

"बरं," क्लोडेट म्हणाली. हार्लन ट्वॉम्बलींना निरोप द्यावा म्हणून ती वळली, पण ते झोपले होते, तोंड किंचित उघडं. तिनं दार उघडलं. दिवसभरात वितळलेल्या बर्फाचं पाणी पायऱ्यांवर गोठून काच झालं होतं. तिनं कठडा धरला. "थांबा," मागून नॅडीन म्हणाली. ती तशीच, बिनकोटाची, दारामागची वाळूची बादली घेऊन बाहेर आली, क्लोडेटला बाजूला सारून पुढे झाली आणि मूठमूठ वाळू टाकत पायऱ्या उतरू लागली. एक पायरी, दुसरी, मग फाटकापर्यंतची वाट, मग गाडीच्या दारापर्यंत. एकदाही तिनं मान वर केली नाही. क्लोडेट डबा पोटाशी धरून तिच्या मागोमाग, तिनं टाकलेल्या वाळूवर पाय ठेवत, गाडीपर्यंत गेली.